पाटीवरची कला, भिंतीवरची कला

महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी ‘कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय’ अशी पाटी असलेली एक तरी इमारत असते. जव्हारलाही आहे. या पाटीवरील ‘कला’ या शब्दात मराठी, इतिहास, अर्थशास्त्र असे विषय सामावतात. चित्रकला मात्र सामावत नाही. म्हणूनच बाजारपेठेतील एखाद्या व्यापाऱ्याची मुलगी जेव्हा घरी सांगते, की ‘मला कलेचे शिक्षण घेऊन पुढे महाविद्यालयात शिकवायचे आहे’, तेव्हा ती बी. ए. करून प्राध्यापिका होणार अशी सर्वांची समजूत होते आणि घर सुखावते. तिला चित्रकला शिकवायची आहे आणि त्यासाठी सहा वर्षे घरापासून दूर राहावे लागणार आहे, हे उमगायला आणखी काही दिवस जातात. मग एकेक प्रश्न पुढे येतो. चित्रे काढायला कोण नाही म्हणते, पण त्यासाठी महाविद्यालय कशाला? पगार किती मिळेल? मुलगा असेल तर, दुकान कोण बघणार? मुलगी असेल तर, स्थळे पाहायची कधी?

हे प्रश्न हलके समजण्याचे कारण नाही. सनदी लेखापालाची परीक्षा, औषधनिर्माणशास्त्र, अभियांत्रिकी या वाटांनी नात्यातील कोणी ना कोणी गेलेले असते. त्या वाटांवरचे खाचखळगे माहीत असतात. कलाशिक्षणाच्या वाटेची माहिती जव्हार-मोखाड्यासारख्या ठिकाणी पेढीवर बसलेल्या वडिलांना नसते, आणि शाळेतील चित्रकलेच्या शिक्षकांना असली तरी ती बहुधा शालेय नोकरीपुरती असते. माल न पाहता सौदा करू नये, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. तेव्हा हाही माल एकदा उजेडात धरून पाहिला पाहिजे.

आरंभ शाळेतच होतो. राज्याच्या कलासंचालनालयामार्फत घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा गावोगावची मुले देतात. त्यांतील पुष्कळांना दहावीच्या वाढीव गुणांपलीकडे त्यांचा उपयोग ठाऊक नसतो. बारावीनंतर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांच्या बी. एफ. ए. अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. रंगकला, शिल्पकला, उपयोजित कला, वस्त्रकला, मृत्तिकाकला अशा शाखा त्यात असतात. त्यानंतर दोन वर्षांची एम. एफ. ए. मुंबईच्या सर ज. जी. कलासंस्थांना २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्याने तेथील प्रवेशाची रीत बदलत आहे. नियम त्या त्या वर्षी पाहून घ्यावेत हे बरे. जव्हार किंवा मोखाड्याहून जाणाऱ्या विद्यार्थ्यासमोर साधारण तीन दिशा असतात. त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक, खाली उतरून वसई-मुंबई, किंवा डहाणूला गाडी धरून बडोदे. तिन्हींपैकी कोठेही रोज जाऊन येऊन शिकता येत नाही. वसतिगृहाचा खर्च, रंग-कॅनव्हासचा खर्च आणि मूल घरी नसल्याने दुकानात कमी पडणारा एक हात, हे सारे हिशेबात धरावे लागते.

येथे एक गोंधळ हमखास होतो. ‘ए. टी. डी.’ ही कलाशिक्षक पदविका कमी वेळात पदरी पडते, म्हणून ‘शिक्षकच व्हायचे आहे ना, मग हेच कर’ असा सल्ला मिळतो. ती पदविका शाळेतील चित्रकला शिक्षकासाठी आहे आणि त्या कामासाठी ती उत्तमही आहे. पण तिच्या आधारावर महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापक होता येत नाही. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे ‘नेट’, लागते, पीएच. डी. असल्यास ठरावीक अटींवर त्या परीक्षेतून सूट मिळते. दोन्ही वाटा शिक्षकाच्याच असल्या तरी त्या पहिल्याच वळणावर वेगळ्या होतात, आणि चुकीच्या वाटेवरून परत फिरण्यात दोन-तीन वर्षे सहज जातात.

‘नेट’ परीक्षेविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण हात चांगला असलेले कित्येक विद्यार्थी तेथेच अडतात. दृश्यकला या विषयाच्या या परीक्षेत एकही रेघ काढावी लागत नाही. पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापन, संशोधन, तर्क अशा सर्वसाधारण विषयांवर पन्नास प्रश्न, दुसरीत विषयावरचे शंभर. एकूण तीनशे गुण आणि तीन तासांचा अवधी. अजिंठ्यापासून आधुनिक भारतीय चित्रकलेपर्यंतचा इतिहास, युरोपातील कलाप्रवाह, रससिद्धान्त आणि सौंदर्यशास्त्र, छापकलेची तंत्रे, धातूचे ओतकाम असा त्याचा पसारा आहे. चार वर्षे वर्गात वाचनाकडे पाठ फिरवून केवळ स्टुडिओत रमलेल्या विद्यार्थ्याला हा पसारा शेवटच्या वर्षी डोंगराएवढा वाटू लागतो. उलट ज्याला वाचनाची गोडी आहे आणि कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवता येते, त्याला संशोधनकाळात दरमहा आर्थिक आधारही मिळतो. २०२३ पासून ही रक्कम पहिल्या दोन वर्षांसाठी महिना ३७,००० रुपये आहे.

आता मिळकतीचा प्रश्न. साहाय्यक प्राध्यापकाच्या नियमित पदाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर भत्ते मिळतात. आकडा ऐकून घरात समाधान पसरते. परंतु आकड्यापेक्षा ‘नियमित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शासकीय आणि अनुदानित कलामहाविद्यालये मोजकी, त्यांतील पदे त्याहून मोजकी, आणि रिकामे झालेले पद भरले जाण्यास वर्षानुवर्षे लागतात. मधल्या काळात शिकवणारे तरुण ‘तासिका तत्त्वावर’ काम करतात: जेवढे तास तेवढे मानधन, सुट्टीच्या महिन्यांत काही नाही, पुढच्या वर्षीची शाश्वती नाही. विनाअनुदानित संस्थांत पगार संस्थेच्या मर्जीवर असतो. वास्तुशास्त्र, अंतर्गत सजावट, फॅशन, ॲनिमेशन शिकवणाऱ्या महाविद्यालयांनाही रेखाटन व रंगविचार शिकवणारे लागतात, आणि एम. एफ. ए. झालेल्या अनेकांची पहिली नोकरी तेथेच होते. उधारीवर माल देताना वसुलीला किती दिवस लागतील याचा अंदाज व्यापारी आधी घेतो. येथेही तसा अंदाज घेतला तर चोविसाव्या वर्षी पदवी हाती आल्यावर तिशीपर्यंत स्थैर्याची वाट पाहण्याची तयारी कुटुंबाने ठेवावी लागते. ही तयारी नसेल तर ते आरंभीच स्पष्ट बोललेले बरे. अर्ध्या वाटेवर हात आखडता घेण्यात मुलाचेही नुकसान आणि भांडवलाचेही.

मात्र ‘हे आपले काम नव्हे’ असे जे म्हटले जाते, ते इतिहासाला धरून नाही. मुंबईची कलाशाळा उभी राहिली ती एका व्यापाऱ्याच्या पैशातून. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये शाळा सुरू झाली. अहमदाबादचे गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई यांनी मुनी पुण्यविजयजींच्या प्रेरणेने लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिर उभारले आणि हजारो हस्तलिखितांना छप्पर मिळाले. त्याच शहरातील साराभाई कुटुंबाच्या पुढाकाराने १९४९ मध्ये कॅलिको वस्त्रसंग्रहालय, तर १९६१ मध्ये राष्ट्रीय अभिकल्प संस्था आकाराला आली. त्याहून मागे गेले तर कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या आहेत. पश्चिम भारतातील जैन श्रेष्ठींनी पिढ्यान्‌पिढ्या त्या लिहवून घेतल्या, रंगवून घेतल्या आणि ज्ञानभांडारांना अर्पण केल्या. चातुर्मासासाठी आचार्यांना निमंत्रण देणारी लांबलचक चित्रमय विज्ञप्तिपत्रे हा तर व्यापारी संघांचाच वारसा. त्यांत पुष्कळदा गावातील बाजार, दुकाने आणि रस्तेही रंगवलेले दिसतात. उस्ताद शालिवाहन याने १६१० मध्ये रंगवलेल्या आग्र्याच्या विज्ञप्तिपत्रात जहांगीरचा दरबार आहे.

हे सारे आज कलेतिहासाच्या अभ्यासक्रमात आहे. चित्रात त्रिशलामातेची स्वप्ने दिसली की ती श्वेतांबर परंपरेत चौदा आणि दिगंबर परंपरेत सोळा, हे इतर विद्यार्थ्यांना पाठ करावे लागते. जैन घरातील मुलाला ते पर्युषणातच कळलेले असते. डॉ. मोती चंद्र, उमाकांत प्रेमानंद शाह, सरयू दोशी यांनी जैन कलेवर जो पायाभूत अभ्यास केला, त्याच्या पुढचे काम आज माणसांची वाट पाहत आहे. ज्ञानभांडारांतील पोथ्यांची चित्रे ओळखणारा, गुजराती व प्राकृत वाचू शकणारा आणि वर्गात उभे राहून ते समजावून सांगणारा शिक्षक सहजासहजी मिळत नाही. चित्र काढण्यापेक्षा चित्र वाचण्यात ज्याला रस आहे, त्याने रंगकलेऐवजी कलेतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा विचार अवश्य करावा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तशी सोय आहे.

येथवरची माहिती सोलापूरच्या किंवा जालन्याच्या विद्यार्थ्यालाही लागू पडेल. जव्हार-मोखाड्याच्या विद्यार्थ्याची गोष्ट एका बाबतीत वेगळी आहे. त्याच्या दुकानाच्या पायरीवर जी माणसे मीठ, तेल, कापड घ्यायला येतात, त्यांच्या घरांच्या भिंतींनी आधुनिक भारतीय कलेच्या इतिहासात आपले स्थान मिळवले आहे. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघट देवी असते, बाजूला घोड्यावरचा पाचशिऱ्या असतो, आणि तो चौक लिहिल्याशिवाय वारल्यांचे लग्न पुरे होत नाही. तिकडे उन्हाळ्यात मोखाडा-जव्हारच्या गावांतून बोहाडा रंगतो. लाकडाचे आणि कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून देव-दैत्यांची सोंगे संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात. मोठ्या शहरांतील कलाविद्यार्थी ज्या गोष्टी चकचकीत कागदावर छापलेल्या पाहतात, त्या येथील मूल लहानपणापासून जाता-येता पाहते. पाहते, पण बहुधा त्यांना ‘कला’ म्हणत नाही. आणि तिचे शिक्षण घ्यायला मुंबई गाठते.

मुंबईच्याच कलाशाळेत शिकलेले भास्कर कुलकर्णी उलट दिशेने आले. पुपुल जयकर यांनी १९६० च्या दशकात बिहारमधील दुष्काळाच्या वेळी त्यांना मधुबनीला पाठवले होते. तेथील स्त्रियांच्या हाती त्यांनी कागद दिला. पुढे सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते वारली पाड्यांवर आले आणि डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांची रेषा त्यांनी ओळखली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात म्हसे यांची चित्रे लागली. १९८९ मध्ये पॅरिसच्या विख्यात ‘मॅजिसियाँ द ला तेर’ प्रदर्शनात ते होते. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. स्त्रियांनी विधीसाठी लिहायचा चौक त्यांच्या हातून भिंतीवरून कागदावर उतरला आणि त्यात शेत, मासेमारी, तारप्याभोवतीचा नाच असे सारे रोजचे जग आले.

कोणत्याही कलामहाविद्यालयात अभ्यासल्या जाणाऱ्या या चित्रकाराला त्याच महाविद्यालयात नियमित शिक्षकाचे पद मिळाले नसते. २०१८ च्या नियमांत नामवंत व्यावसायिक कलावंतासाठी वेगळा मार्ग ठेवलेला आहे, परंतु तेथेही किमान पदवीची अट आहे. पदवी हातात असलेला, मात्र चौक लिहिणाऱ्या बाईशी जन्मात एक शब्द न बोललेला तरुण ‘वारली कला’ हा घटक शिकवू शकतो. ती बाई शिकवू शकत नाही. आयोगाने २०२३ मध्ये कलावंत-कारागिरांना उच्चशिक्षण संस्थांत निवासी कलावंत म्हणून बोलावण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, ही चांगली गोष्ट आहे. त्या अमलात आणणे मात्र महाविद्यालयातील शिक्षकाच्याच हातात राहते. प्रस्ताव त्याने लिहायचा, नावे त्याने सुचवायची, मानधन वेळेवर मिळते की नाही ते त्यानेच पाहायचे.

जव्हारच्या व्यापारी घरातून शिक्षक झालेल्या व्यक्तीचे मोल या ठिकाणी आहे. तिला पाड्यांची नावे माहीत असतात, बोलीतले शब्द कानावरून गेलेले असतात, आणि कोणाच्या घरी लग्न आहे हे दुकानातल्या खरेदीवरून आधी कळते. जबाबदारीही याच ठिकाणी आहे, आणि ती जैन घराला परकी नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या वजन-मापांच्या जोडीला ‘प्रतिरूपक व्यवहार’ हाही आहे. म्हणजे नकली वस्तू असली म्हणून देणे. चादरींवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर यंत्राने छापलेल्या ‘वारली’ आकृत्यांचा व्यापार आज मोठा आहे. या कलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळूनही तो थांबलेला नाही. आपल्या दुकानात असा माल आहे का, हे पाहणे कुटुंबाचे काम. आणि दोन त्रिकोण जोडून माणूस काढता आला म्हणजे वारली चित्र आले, असे वर्गात न शिकवणे हे त्या घरातून गेलेल्या शिक्षकाचे काम.

असे शिकवणारे पूर्वी झालेले आहेत. बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत १९५० पासून नारायण श्रीधर बेंद्रे यांनी विद्यार्थ्यांची जी पिढी घडवली, तीत ज्योती भट्ट होते. पुढे ते स्वतः तेथेच शिक्षक झाले, आणि कॅमेरा घेऊन गुजरात-राजस्थानच्या खेड्यांतील भिंतींवरची चित्रे, अंगणातील रांगोळ्या, त्या काढणारे हात यांची छायाचित्रे वर्षानुवर्षे टिपत राहिले. त्यांतील कित्येक भिंती आज उरलेल्या नाहीत. महाविद्यालयीन नोकरीने त्यांना जे दिले ते म्हणजे सुट्ट्यांचे महिने, सहकारी आणि दर वर्षी नव्याने प्रश्न विचारणारे विद्यार्थी. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्याच्या मुखवट्यांचे असे सविस्तर दप्तर कोणी सुट्टीत बसून तयार केले, तर एका पीएच. डी.ला पुरेल एवढा तो विषय आहे.

या पेशाचा दैनंदिन भाग बाहेरून फारसा दिसत नाही. कलाशिक्षक फळ्यासमोर उभा राहून तासभर बोलतो असे क्वचितच घडते. तो एकेका विद्यार्थ्याच्या कॅनव्हासपाशी थांबतो, पाहतो, एखादे वाक्य बोलतो आणि पुढे सरकतो. ते वाक्य चुकले तर कोवळ्या विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाते. नेमके पडले तर जन्मभर पुरते. शंकर पळशीकर १९६८ ते १९७५ या काळात मुंबईच्या कलाशाळेचे अधिष्ठाता होते. त्यांच्या अशा बोलण्याच्या आठवणी त्यांचे विद्यार्थी पुढेही सांगत राहिले. मात्र दिवसभर इतरांची चित्रे पाहून थकलेल्या डोळ्यांनी संध्याकाळी स्वतःचे चित्र सुरू करणे सोपे नसते. महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी विद्यार्थी म्हणून आणि मग शिक्षक म्हणून त्या संस्थेत एकेचाळीस वर्षे काढली आणि तेवढ्या अवधीत अफाट चित्रनिर्मितीही केली. त्यांच्या ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मकथनाचे नावच पुरेसे बोलके आहे. परंतु धुरंधर सगळेच नसतात. नोकरी लागल्यावर हातातला ब्रश कायमचा सुटलेले शिक्षकही प्रत्येक महाविद्यालयात असतात, आणि विद्यार्थी ते पहिल्या आठवड्यात ओळखतात.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. लग्नानंतर गाव बदलले तरी पदव्युत्तर पदवी आणि ‘नेट’चे प्रमाणपत्र कायम राहते; साहाय्यक प्राध्यापक पदासाठीच्या या पात्रतेला मुदत नसते. अर्धवट सोडलेली बी. एफ. ए. मात्र दुसऱ्या शहरात नव्याने उभी करणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून स्थळ चांगले आले म्हणून तिसऱ्या वर्षी शिक्षण थांबवण्यापेक्षा पदवी पुरी होईपर्यंत थांबणे व्यवहारालाही धरून आहे. ज्या घरांत सुनेच्या हाती दुकानाचा जमाखर्च निःसंकोच सोपवला जातो, त्या घरांत तिच्या वर्गासाठी आठवड्याचे चार दिवस बाजूला ठेवणे अवघड वाटू नये.

दहावी-बारावीच्या मुलांसाठी काम आजही सुरू करता येण्यासारखे आहे, आणि त्याला वहीखेरीज खर्च नाही. प्रवेशाच्या वेळी आणि पुढे कोणत्याही मुलाखतीत विद्यार्थ्याची रेखाटने पाहिली जातात तेव्हा तयार चित्रांवरून उतरवलेली देवादिकांची चित्रे आणि चित्रपट तारकांचे चेहरे ढिगाने येतात. आठवडे बाजारात पाटी खाली ठेवून बसलेली बाई, एस. टी. स्थानकावर मोखाड्याच्या गाडीची वाट पाहणारी माणसे, तराजूत धान्य ओतणारा स्वतःचा काका, पहिल्या पावसानंतर बदललेला डोंगराचा रंग, हे ज्याच्या वहीत आहे त्याची वही परीक्षक पुन्हा उघडतो. लग्नघरी चौक पाहायला जायचे तर आधी विचारून जावे, लिहिणाऱ्या बाईचे नाव, पाड्याचे नाव आणि तारीख पानाच्या कोपऱ्यात टिपावी, आणि तिने नको म्हटले तर वही मिटवावी.